दोनशे ग्राहकांच्या वायरलेस इंटरनेट सेवेसाठी कॅशे प्रॉक्सी बसवावा का?

आपला प्रश्न असा आहे की, कागल परिसरात ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओवरून सुमारे २०० ग्राहकांना सेवा देताना वरच्या पुरवठादाराकडून घेतलेली ३०० एमबीपीएसची लाईन संध्याकाळी भरून जाते. अशा वेळी ८ जीबी रॅम आणि १ टीबी डिस्क असलेला सर्व्हर घेऊन त्यावर स्क्विड हा कॅशे प्रॉक्सी, म्हणजे एकाने उतरवलेली पाने साठवून दुसऱ्याला तिथूनच देणारे सॉफ्टवेअर, चालवल्यास भार हलका होईल का? माझ्या मते होणार नाही, आणि सर्व्हरवर पैसे घालण्याआधी एक आठवडा मोजणी करावी, असे मी सुचवेन.

करवीर तालुक्यातील काही गावांत सेवा देत असताना मी स्वतः अनेक वर्षे स्क्विड चालवला आहे. त्या काळी बहुतेक संकेतस्थळे साध्या एचटीटीपीवर असत. राउटरवर एक नियम लिहून एचटीटीपीच्या पोर्ट ८० ची, म्हणजे त्या क्रमांकाच्या दाराची, सर्व मागणी स्क्विडच्या ३१२८ या पोर्टकडे वळवली की ग्राहकाच्या संगणकाला हात न लावता काम होत असे. एकाने उघडलेल्या वर्तमानपत्राच्या पानावरील चित्रे दुसऱ्याला आपल्याच डिस्कवरून मिळत, आणि १० एमबीपीएसच्या महागड्या लीज्ड लाईनवर तो मोठा दिलासा होता. लोभापायी मी एकदा पानांची मुदत ओलांडूनही ती साठवून ठेवण्याचे पर्याय चालू केले. दहावीच्या निकालाच्या दिवशी माझ्या ग्राहकांना दुपारनंतरही ‘निकाल लवकरच’ असे सांगणारे सकाळचेच पान दिसत राहिले आणि अनेक पालक थेट माझ्या दारात आले. चूक पूर्णपणे माझी होती.

आता ती परिस्थिती राहिलेली नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने संकेतस्थळांना एचटीटीपीएससाठी लागणारी प्रमाणपत्रे मोफत देण्यास २०१५ च्या अखेरीस सुरुवात केली, जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपीच्या प्रत्येक पानावर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारू लागला, आणि आज वाहतुकीचा फार मोठा भाग एचटीटीपीएसचा, म्हणजे कुलूपबंद आहे. त्यातच यूट्यूबसारख्या सेवा यूडीपीच्या ४४३ पोर्टवरून क्विक या वेगळ्या पद्धतीने चालतात, आणि स्क्विडला ती भाषाच कळत नाही. कुलूपबंद पाकिटे स्क्विडमधून गेली तरी तो ती केवळ पुढे ढकलतो. साठवण्याजोगे त्याच्या हाती काहीच लागत नाही. आपले प्रमाणपत्र ग्राहकांच्या उपकरणांत घालून हे कुलूप मधेच उघडण्याचा मार्ग काही जण सुचवतात. तो पत्करू नये. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप वापरकर्त्याने घातलेले प्रमाणपत्र मानतच नाहीत, आणि लोकांचे बँकेचे व्यवहार आपल्या सर्व्हरवर उघडे करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आपल्या सर्व्हरचा हिशेबही जुळत नाही. ६४ बिट यंत्रावर डिस्कवरील प्रत्येक जीबी कॅशेमागे स्क्विडला केवळ सूचीसाठी सुमारे १४ एमबी रॅम लागते. म्हणजे १ टीबी भरली तर सूचीलाच १४ जीबी हवी, आणि आपल्याकडे आहे ८ जीबी.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. कॅशे ज्या ठिकाणी बसतो, त्याच्या मागची वाट तो वाचवतो, पुढची नव्हे. टॉवरपासून ग्राहकाच्या घरापर्यंतची हवेतली वाट तितकीच व्यापलेली राहते. आपल्याकडे तर लागणीनंतर काही महिन्यांतच ऊस पुरुषभर उंचीच्या वर जातो, आणि उन्हाळ्यात स्वच्छ दिसणारी लिंक श्रावणात ओल्या पानांतून जाऊ लागते. या बँडला पावसाचे थेंब फारसा त्रास देत नाहीत. ओली पाने देतात. असा एखादा कमकुवत सिग्नलचा ग्राहक कमी वेगाने बोलत सेक्टरचा, म्हणजे टॉवरवरील एका दिशेच्या अँटेनाचा, वेळ खातो आणि त्याच सेक्टरवरचे बाकीचे सगळे ताटकळतात. संध्याकाळी लाईन भरली आहे की सेक्टर, हे पाहिल्याशिवाय निदान करू नये. सेक्टर भरला असेल तर दोन-तीन घरांवरचे अँटेनाचे पाईप उंच करणे हे सर्व्हरपेक्षा स्वस्त आणि अधिक गुणकारी ठरते.

लाईनच भरत असेल तर आधी आपल्या वरच्या पुरवठादाराला विचारावे की गूगल, मेटा आणि नेटफ्लिक्स यांचे कॅशे सर्व्हर त्याच्याकडे आहेत का, आणि ती वाहतूक तो वेगळ्या, स्वस्त दराने देतो का. या कंपन्या असे सर्व्हर स्वतःच्या खर्चाने पुरेशी मोठी वाहतूक असलेल्या पुरवठादारांकडे बसवतात. आपल्या आकाराच्या सेवेला ते मिळणार नाहीत, पण वरच्याकडून त्यांचा लाभ घेता येतो. व्हिडिओची खरी साठवण आज तिथेच होते. राउटरवर मायक्रोटिकची राउटरओएस ७ ही प्रणाली असेल तर लाईनच्या क्षमतेपेक्षा थोडी खाली मर्यादा ठेवून केक ही सर्वांना वाटून देणारी रांग लावावी. उपसा सिंचनात पाळी ठरवून दिली की शेवटच्या शेतालाही पाणी पोहोचते, तसे एकाच्या मोठ्या डाउनलोडमुळे दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडत नाही. शिवाय एखाद्या जुन्या यंत्रावर अनबाउंड हे सॉफ्टवेअर चालवून डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याची, उत्तरे साठवावीत. पान उघडण्यातली सुरुवातीची ओढाताण त्याने कमी होते. मात्र ते फक्त आपल्या ग्राहकांनाच उत्तर देईल असे पाहावे, नाहीतर बाहेरचे लोक त्याचा हल्ल्यासाठी वापर करतात.

कॅशेला एक जागा अजून उरली आहे. विंडोजची अद्यतने आणि स्टीम या खेळांच्या दुकानावरील खेळ यांचा बराच भाग आजही साध्या एचटीटीपीवरून उतरतो. मात्र स्क्विड मूळ मांडणीत ४ एमबीपेक्षा मोठी फाईल साठवत नाही, आणि विंडोज फाईलचे तुकडे मागते, जे तो साठवू शकत नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर उभा असलेला लॅनकॅश हा अशा डाउनलोडसाठीचा कॅशे हे तुकड्यांचे काम नीट करतो. ग्राहकांत वसतिगृह किंवा गेमिंगचे दुकान असेल तर तोच बसवावा.

म्हणून राउटरवर तीन मोजणीचे नियम लावावेत: टीसीपी ८० (साधे एचटीटीपी), टीसीपी ४४३ (एचटीटीपीएस) आणि यूडीपी ४४३ (क्विक). सात दिवसांचे बाइट पाहावेत. पोर्ट ८० चा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघाला तर सर्व्हर घ्यावा, रॅम वाढवून घ्यावी आणि त्यावर लॅनकॅश चालवावा. दोन-चार टक्केच निघाला, आणि मला तीच अपेक्षा आहे, तर तेच पैसे आणखी एका सेक्टर अँटेनाला वापरावेत.