रोज ठाणे-तुर्भे करणाऱ्या सिटीला आखूड रनरचा मॅनिफोल्ड?

तुमची 2002 ची होंडा सिटी 1.5 व्हीटेक, रोजचा प्रवास घोडबंदर रोड ते तुर्भे, आणि विचारताय की आखूड रनरचा अ‍ॅल्युमिनियम इंटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणारा नळ्यांचा जोड; त्यातली एकेक नळी म्हणजे रनर) लावू का. माझं मत विचाराल तर नका लावू.

इंटेक व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये हवा सोडणारी झडप) बंद झाला की आत धावणारी हवा त्यावर आदळते. त्या दाबाची लाट रनरमधून प्लेनमपर्यंत (सगळे रनर जिथून निघतात ती हवेची पेटी) जाते, परत येते, पुन्हा जाते. व्हॉल्व्ह उघडा असताना ती नेमकी पोचली, तर सिलिंडरमध्ये थोडी जास्त हवा भरते. लाटेचा वेग साधारण ठरलेला, व्हॉल्व्हची घाई मात्र आरपीएमप्रमाणे बदलते. म्हणून लांब, अरुंद रनर खालच्या आरपीएमचा पिकअप देतो आणि आखूड, रुंद रनर वरच्या. दोन्ही एकदम मिळत नाहीत. तुमचं इंजिन ट्रॅफिकमध्ये 3,500 आरपीएमच्या वर जातं तरी किती वेळा?

हे पाप मी स्वतः केलंय. माझ्याही याच मॉडेलच्या गाडीला असा मॅनिफोल्ड बनवून घेतला. 5,500 नंतर गाडी सुटायची, खोटं कशाला बोलू. पण कापूरबावडीला दुसऱ्या गिअरमध्ये जीवच नसायचा, सारखा पहिला टाका. त्यात आयडलिंगला हंटिंग, म्हणजे आरपीएम सारखा खालीवर. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी धुतली, फरक शून्य. शेवटी इंजिन चालू ठेवून फ्लँजच्या (मॅनिफोल्डचा इंजिनच्या हेडला बसणारा सपाट भाग) कडेने कार्ब क्लीनरचा थोडा फवारा मारला (गरम एक्झॉस्टपासून लांब, आग लागते) आणि आरपीएम हलला. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकली होती, गॅस्केटमधून हवा आत जात होती.

तरीही घ्यायचाच असेल तर फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेड दिसतो का बघा. मॅनिफोल्डचं पोर्ट हेडच्या पोर्टपेक्षा मोठं नको, हवा थेट त्या काठावर आपटते. किंचित लहान असलेलं चालतं. आणि मॅपिंगचे (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये पेट्रोलचं प्रमाण नव्याने बसवण्याचे) पैसे आधीच बाजूला काढा. या गाडीचा ईसीयू, म्हणजे तोच कॉम्प्युटर, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून पेट्रोल ठरवतो. मॅनिफोल्ड बदलला की त्याचा हिशेब चुकतो.

ट्रॅकवर न्यायची असेल तर गोष्ट वेगळी. मग कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कंपनीचाच आहे की बदललाय, ते आधी कळवा.