‘वू वकील’ बघून नणंद विचारते, तुझ्या मुलात काय स्पेशल आहे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीला राहतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे, बोलतो अगदी थोडं. माझ्या नणंदेने ती कोरियन सिरीज बघितली, ऑटिझम असलेल्या वकील मुलीची, आणि तेव्हापासून घरी आली की सुरू होते, याचंपण डोकं कशात तरी जबरदस्त चालत असणार, बुद्धिबळाला घाल, गणिताला घाल. प्रेमानेच बोलते ते कळतं मला, पण ती गेली की मला रडायला येतं. मैत्रिणी म्हणतात छान आहे गं, बघ. बघू का?
— एक आई

उत्तर : बघा, नक्की बघा, आणि नणंदेला शेजारी बसवून बघा. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ २०२२ मध्ये आली, १६ भाग आहेत, कोरियात ईएनए नावाच्या छोट्या चॅनेलवर पहिला भाग लागला तेव्हा रेटिंग ०.९ टक्के होतं आणि शेवटच्या भागाला १७.५ टक्के, म्हणजे लोकांनी एकमेकांना सांगून सांगून ती मोठी केली. मला ती मनापासून आवडली. पण तुमच्या नणंदेला जे वाटतंय ना, त्याला सिरीजपण थोडी जबाबदार आहे. ही वू यंग-वू सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत कायद्याला पहिली आलेली, कायद्याची पुस्तकं तोंडपाठ, देवमासे तिच्या डोक्यात पोहतात आणि केसचं उत्तर सुचतं. बघणाऱ्याला पटकन आवडेल अशीच ती लिहिलीय. कोरियातल्या पालकांनीसुद्धा तेव्हा हेच म्हटलं होतं, की आमची मुलं अशी नाहीत, आता सगळे आमच्याकडे यंग-वू शोधणार. तशी असामान्य स्मरणशक्ती असलेले लोक असतात, नाही असं नाही, पण बहुतेकांत ती नसते, आणि मूल लाडकं असायला ती लागतच नाही हो.

म्हणून माझा आग्रह तिसऱ्या भागाचा आहे. मेडिकलला असलेला मोठा भाऊ मरतो आणि आरोप येतो ऑटिझम असलेल्या धाकट्यावर. केस यंग-वूकडे येते कारण सगळ्यांना वाटतं हिलापण ऑटिझम, हिला तो कळेल. आणि ती त्याच्यासमोर बसते तर तिलाच काही सुचत नाही, तो मोठा दणकट मुलगा, बोलणं जवळपास नाही, घाबरला की स्वतःलाच मारून घेतो, त्याला फक्त पेंगसू नावाचं पेंग्विन कॅरॅक्टर आवडतं. शेवटी पेंगसूच्या मदतीनेच थोडा संवाद होतो. पुढे सरकारी वकील भर कोर्टात यंग-वूच्याच ऑटिझमवर बोट ठेवतो आणि तिथे तिचा चेहरा बघा. त्याच भागात ती म्हणते की आजही लोक लिहितात, डॉक्टर होणारा मेला आणि हा राहिला हे देशाचं नुकसान, आणि शेकडो लोक त्याला लाइक करतात. तुमच्या नणंदेला मी काही वेगळं सांगायची गरजच नाही, हा भाग तिला सांगेल.

आणि अजून एक, तिला यंग-वूच्या हुशारीऐवजी तिचं जेवण दाखवा. ती रोज गिंबाप खाते, समुद्री शेवाळात भात आणि भाज्या गुंडाळून कापलेले गोल तुकडे, कारण आत काय काय आहे ते कापल्यावर सरळ दिसतं, तोंडात अचानक वेगळं काही लागत नाही. बाहेर गोंगाट झाला की कानावर हेडफोन. ऑफिसचा फिरता दरवाजा तिला जमत नाही तर ऑफिसमधला सहकारी जुन-हो तिला वॉल्ट्झच्या ठेक्यावर, एक दोन तीन करत, त्यातून जायला शिकवतो. तुमचा मुलगा काय खातो, कुठल्या आवाजाला कान झाकतो, कशाने शांत होतो, हे तुमच्या नणंदेला माहितीये का? नसेल तर बुद्धिबळाच्या क्लासऐवजी एक रविवार तिला त्याच्यासोबत बसू दे.

प्रश्न : मी ठाण्यात लॉ करते. आमच्या ग्रुपमध्ये वाद झालाय, काही म्हणतात ‘वू’ सिरीजमधल्या नटीला स्वतःला ऑटिझम नाही मग हे चुकीचं, काही म्हणतात लव्हस्टोरी उगाच घुसडलीये. आणि खऱ्या आयुष्यात असे वकील असतात का?
— कायद्याची विद्यार्थिनी

उत्तर : असतात की. अमेरिकेत फ्लोरिडात हेली मॉस २०१९ मध्ये वकील झाली, स्वतःचा ऑटिझम न लपवता. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, सरकारी कॉलेजात ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर. तू वकील होणार आहेस, हा कायदा नीट वाच, पुढे अशील म्हणून कोणीतरी येईलच.

यंग-वू झालेल्या पार्क उन-बिनने रोल आधी नाकारला होता, आपल्याने कुणी दुखावेल या भीतीने, आणि काम तिने फार जपून केलंय. तरीपण ऑटिझम असलेल्या नटांना संधी मिळायला हवी हे म्हणणं मला पटतं, दोन्ही खरं असू शकतं. लव्हस्टोरीवर मात्र मी तुमच्या ग्रुपशी भांडेन. ऑटिझम असलेल्या बाईला प्रेम करावंसं वाटू नये हा कुठला नियम? मला तर तिच्या प्रेमापेक्षा मैत्री जास्त भावली, ती सू-यॉन, जी कॉलेजपासून तिला मदत करते, ऑफिसात तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून देते आणि त्याचा कधी गवगवा करत नाही.

प्रश्न : खारघरला राहतो, मुलगी १७ ची आहे, ऑटिझम आहे. १८ झाल्यावर सही आमची चालेल का?
— एक बाबा

उत्तर : आपोआप नाही चालत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तिचे प्रमुख जिल्हाधिकारी. ऐरोली-वाशीवाल्यांना ठाणं लागतं, पण खारघर रायगड जिल्ह्यात, तेव्हा तुम्हाला अलिबाग. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर आत्ताच स्वावलंबन पोर्टलवर अर्ज टाका, १८ व्हायची वाट बघू नका. आणि याच कायद्याखाली निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंतची, तीपण त्याच फेरीत विचारून घ्या. फक्त एक करा, अर्ज करायच्या आधी मुलीला सोप्या शब्दांत सांगा की काय करतोय, आणि तिला काय वाटतं तेही विचारा.