पोरगी घरी बसून ड्रॉइंग काढते, त्याला नोकरी म्हणायचं का?

नमस्कार काका,

तुमचा मेसेज वाचला. मुलीचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, घरी लॅपटॉपवर पुण्याच्या दोन-तीन पार्ट्यांना कॅड ड्रॉइंग (कॉम्प्युटरवर काढलेली मशीनच्या भागांची ड्रॉइंग) करून देते, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीची ऑफर तिला नकोय, आणि तुमचा जन्म सातपूरला पर्मनंटमध्ये गेला म्हणून तुमची झोप उडालीये.

तुम्ही ऑफर लेटरचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. नीट बघा, लेटरहेड कॉन्ट्रॅक्टरचं आहे, कंपनीचं नाव फक्त 'कामाचे ठिकाण' समोर, आणि मुदत ११ महिने. म्हणजे तुमच्या वेळची पर्मनंट नोकरी तिला कोणी देऊच केली नाहीये काका, मग ती नाकारतेय कुठे?

तरी ऑफर लगेच सोडून दे असं मी तिला म्हणणार नाही, कारण ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, टाकणं वेगळं आणि तोच जॉब व्हीएमसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, लागताना बघणं वेगळं, ते घरी शिकता येत नाही. शिवाय पीएफ असेल तर तिचे १२ टक्के कापून मालकालाही तेवढेच भरावे लागतात, पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे सरकारी आजारपणाचा विमा, पण. लेटरमध्ये दोन्हीचा उल्लेख नाहीये, कॉन्ट्रॅक्टरला फोन करून विचारा, म्हणजे तिला विचारू द्या, तुम्ही नका करू. तो उडवाउडवी करायला लागला तर माझं मत तिच्या बाजूने.

पण घरच्या कामालाही शिस्त हवी. बहुतेक पैसे एकाच पार्टीकडून येत असतील तर ती बिनपीएफची नोकरीच झाली, पार्टी गेली की सगळं गेलं. नवीन माणसाकडून ॲडव्हान्स घ्यायचा, बिल द्यायचं, टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरून जास्तीचा परत मागायचा, आणि पीपीएफ आत्ताच सुरू करायचं कारण तिच्यासाठी दुसरं कोणी भरणार नाही. गिगवाल्यांना, म्हणजे कायम नोकरीऐवजी सुटी कामं घेणाऱ्यांना, सामाजिक सुरक्षा मिळणार असे फॉरवर्ड तुम्हालाही आले असतील, २०२० चा तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय खरा, पण त्यातली उलाढालीच्या १ ते २ टक्क्यांची वर्गणी ॲपवाल्या कंपन्यांनी भरायची आहे, थेट पार्टीकडून काम घेणारीने त्यावर विसंबू नये.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ ला असे गिगवाले ७७ लाख धरलेत, २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी होतील असा अंदाज, तेव्हा ती काही जगावेगळं करत नाहीये.

आणि स्थळांचं म्हणाल तर बायोडेटात 'घरीच असते' लिहू नका हो, 'फ्रीलान्स कॅड डिझायनर' लिहा. दोन-तीन वर्षांचे रिटर्न हातात असले की होम लोनला बँकसुद्धा तिला दारात उभं करते.