वाचक विचारतात : माथेरानची मिनीट्रेन

(नेरळच्या शेडमध्ये फिटर म्हणून नोकरी केलेले आमचे स्तंभलेखक या वेळी मिनीट्रेनविषयीच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन माथेरानला जायचंय. बाबा ७४ वर्षांचे, गुडघा दुखतो. नेरळपासून टॉय ट्रेनने जावं की टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जाऊन पुढे शटल घ्यावी? गाडीची मजा दोन्हीकडे सारखीच ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी एक विनंती. तिला टॉय ट्रेन म्हणू नका. माझे वडील या लाइनवर वाफेच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते. पाहुण्यांपैकी कुणी ‘खेळण्यातली गाडी’ म्हणालं की ते हाताचे तळवे पुढे करून दाखवायचे, बोलायचे काही नाहीत. नेरळात आम्ही मिनीट्रेन म्हणतो.

आता तुमचं. मजा सारखी नाही. शटल म्हणजे याच लाइनवरची छोटी फेरी, अमन लॉज ते माथेरान एवढीच, जेमतेम तीन किलोमीटर. तो सगळा माथ्यावरचा भाग. लाल माती, गर्द झाडी, छान आहे, पण घाट खाली राहतो. नेरळ ते माथेरान पूर्ण लाइन २१ किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेवढ्याला अडीच तास लागतात. म्हणजे ताशी आठ-नऊ किलोमीटर. धट्टाकट्टा माणूस तिच्या बाजूने पळू शकेल (पळू नका). जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत ती सव्वासातशे मीटरहून जास्त चढते. खिडकी कुठल्या बाजूची धरायची असं सगळे विचारतात. कुठलीही धरा. वळणंच इतकी आहेत की दरी कधी या हाताला येते, कधी त्या.

पण बाबांचा गुडघा खरंच दुखत असेल तर डबा अरुंद आहे हे लक्षात घ्या. अडीच तास पाय मोकळा करता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर त्यांना टॅक्सीने दस्तुरीला नेलं असतं. तिथून पुढे मोटारींना बंदीच आहे, पण अमन लॉज स्टेशन जवळच आहे. थोडं चालून शटलमध्ये बसायचं. मात्र बाबांना एकदा विचारा. माझे वडील ७८ वर्षांचे असताना हट्टाने नेरळहून बसले होते. दोन्ही गुडघे धरून, डोळे मिटून बसलेले. मला वाटलं झोप लागली. ते वळणं मोजत होते.

पूर्ण प्रवास करायचा ठरलं तर पावसाळा सोडून या. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, वर शटल तेवढी चालते. आणि नेरळला लवकर पोचा. छोटे पाच-सहा डबे, त्यात माणसं मावणार किती?

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे, मेकॅनिकल. माथेरानच्या लाइनवर दातेरी रूळ नाहीत, तरी गाडी चढते कशी? आणि जुनी वाफेची इंजिनं एवढ्या आवळ वळणावर रुळावरून उतरत कशी नव्हती?
– एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : असे प्रश्न आले की बरं वाटतं.

दातेरी रूळ उटीच्या गाडीला आहेत. आपली गाडी निव्वळ चाक आणि रूळ यांच्या पकडीवर चढते. सर्वांत तीव्र चढ १:२०, म्हणजे २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रेल्वेसाठी हा चढ फार झाला. म्हणून तर वजन कमी, डबे कमी, वेग कमी.

वळणाचं उत्तर आहे इंजिनाच्या आसात, म्हणजे चाकांच्या जोडीमधल्या दांड्यात. मुंबईचे उद्योगपती आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम काढलं आणि १९०७ साली गाडी सुरू केली. रुळांमधलं अंतर दोन फूट, ६१० मिलिमीटर. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची सहा चाकांची चार इंजिनं आणली, नंबर ७३८ ते ७४१. साध्या इंजिनात तिन्ही आस एकमेकांना समांतर आवळलेले असतात, म्हणून वळणावर पुढचं-मागचं चाक रुळाला घासतं. या इंजिनात पुढचा आणि मागचा आस दुहेरी होता. वडिलांनी मला हे शेडच्या फरशीवर खडूने काढून दाखवलं होतं. आत एक भरीव आस, तो चौकटीत पक्का, बाहेरचा कपलिंग रॉड त्याला फिरवणार. त्याच्यावरून एक पोकळ नळी, आणि चाकं त्या नळीला. नळी आणि आस यांची गाठ फक्त मधोमध, गोल गोळ्यावर, आपल्या खांद्याच्या उखळीसारखी. त्यामुळे ताकद चाकापर्यंत पोचते, तरी चाकांची जोडी वळणाप्रमाणे थोडी तिरकी होऊ शकते. या रचनेला क्लिएन-लिंडनर म्हणतात. तुमच्या सरांना विचारा, बहुतेक तेही खूश होतील.

उतरताना काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी परीक्षा तीच. पूर्वी डब्यांवर ब्रेकमन असायचे. ड्रायव्हरने शिट्टी दिली की त्यांनी हाताने ब्रेक आवळायचे. सगळ्यांचं एकमत झालं नाही तर डबे एकमेकांना ढुसण्या देणार. आता एअर ब्रेक आहेत.

प्रश्न : माथेरानची गाडी युनेस्कोच्या यादीत आहे असं माझा भाऊ म्हणतो. पैज लागली आहे. आणि ‘वन किस टनेल’ हे नाव खरं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : भाऊ हरला. दार्जिलिंग १९९९, निलगिरी २००५, कालका-शिमला २००८. माथेरान संभाव्य यादीत आहे, मुख्य यादीत नाही. बोगद्याचं नाव लोक घेतात तेच. बोगदा एवढा आखूड की तेवढाच वेळ मिळतो म्हणे. शेडमध्ये आम्ही त्याला बोगदा म्हणायचो.

प्रश्न : २००५ च्या पुरात लाइन वाहून गेली होती ना? मग ती जुनी राहिली कुठे? आणि वाफेचं इंजिन आता बघायला मिळतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : २६ जुलै २००५ च्या पावसाने घाटातली लाइन जागोजाग उखडली, दोन वर्षांनी, २००७ मध्ये, गाडी परत धावली. २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केलं, त्या खेपेला पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला. रूळ बदलले, रुळांखालचे स्लीपर बदलले, मार्ग पीरभॉयांचाच. आता तुम्हीच ठरवा जुनी की नवी. आमच्याकडे आजीची पैठणी आहे, तिचे काठ दोनदा बदललेत. घरात सगळे आजीचीच म्हणतात.

७३८ नंबरचं इंजिन नेरळला जपून ठेवलंय, ७४० इंग्लंडला गेलं. ओढायला डिझेलच असतं. त्यातल्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूपही दिलंय, मुलांना आवडतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सवयीने कोळसा कुठे भरतात ते शोधत होतो.