राजीनामा लिहून ठेवलाय, देऊ का?

सहकारनगरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५१, हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी, हातात महिना ७८ हजार. यजमानांचा छपाईचा व्यवसाय, त्यात कधी भरती कधी ओहोटी. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आई ७७ वर्षांच्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन ४१ हजार, एकटीच्या नावावर २४ लाखांच्या एफडी आणि सिंहगड रोडला टू बीएचके. आठ महिन्यांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. तेव्हापासून आई लेकीकडे आणि फ्लॅट कुलूपबंद. कॅनडातला भाऊ म्हणतो, "तू नोकरी सोड, मी दरमहा २५ हजार पाठवतो. नाहीतर फ्लॅट विकून आईला चांगल्या केअर सेंटरमध्ये ठेवू. कुलमुखत्यारपत्र करून घे, म्हणजे पुढचं सगळं तुझ्या सहीने होईल." ब्युरोने दिवसपाळीच्या मावशींचे २४ हजार सांगितलेत, सेंटरने ५० हजार. ताईंनी शेवटी लिहिलंय: "पाच वाजले की आई चपला घालून दाराशी उभी राहते. शाळा सुटली, घरी जायचंय म्हणते. मी तेव्हा मीटिंगमध्ये असते. राजीनामा ड्राफ्टमध्ये आहे. देऊ का?"

ताई, तूर्त तो ड्राफ्टमध्येच राहू द्या.

आधी तुमचा हिशेब. तुमचा बेसिक ४५ हजार आहे. त्यावर १२ टक्के तुमचे आणि १२ टक्के कंपनीचे, म्हणजे महिन्याला १०,८०० रुपये प्रॉव्हिडंट फंड आणि त्याच्या पेन्शन योजनेत जातात. पगार आणि हे मिळून वर्षाला साधारण १०.६५ लाख झाले. ५८ व्या वर्षापर्यंतची सात वर्षं धरली तर, एकही पगारवाढ न धरता, ७५ लाखांच्या आसपास जातात. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ग्रॅच्युइटीचे २६ हजार सुटतात ते वेगळेच. या सगळ्याच्या बदल्यात भाऊ वर्षाला देणार तीन लाख. त्याच्या मनात काही काळंबेरं असेल असं मी म्हणत नाही. त्याने फक्त मावशींचा पगार मोजला, तुमचा मोजला नाही. आणि ५१ व्या वर्षी सोडलेली नोकरी ५६ व्या वर्षी त्याच पगारावर परत मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आईंचा हिशेब, कारण पत्रात तोच नाही. पेन्शन ४१ हजार. एफडीवर सात टक्के धरले तर महिन्याला १४ हजार. फ्लॅट भाड्याने दिला तर तुमच्याच अंदाजाने २२ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी वजा जाता १९. एकूण ७४ हजार. खर्चाच्या बाजूला मावशींचे २४, त्यांच्या सुट्टीच्या दिवशीच्या बदलीचे ३, औषधं आणि डॉक्टर ७, किरकोळ २. झाले ३६ हजार. उद्या केअर सेंटरची वेळ आली, तरी ५० हजार भरून पैसे उरतात. म्हणजे आईंसाठी तुमची नोकरी जायला नको आणि त्यांचा फ्लॅटही विकायला नको. ३० वर्षं फळ्यासमोर उभं राहून त्यांनी जी पेन्शन कमावली, ती नेमकी याच दिवसांसाठी आहे. "आईच्या पैशाला हात कसा लावू" हा संकोच आपल्याकडे लेकींनाच फार असतो. तो बाजूला ठेवा.

मात्र २४ हजार हा आजचा दर आहे. वर्षाला आठ टक्क्यांनी वाढला तर सहा वर्षांत ३८ हजार होतो, आणि तोवर रात्रपाळीही लागू शकते. गणपती-दिवाळीला मावशी गावी जातात आणि बदली माणूस जास्त पैसे मागतो, तेही धरा. म्हणून आज जे ३८ हजार उरतात ते घरखर्चात मिसळू नका.

इथपर्यंत नुसती बेरीज-वजाबाकी होती. खरी अडचण सहीची आहे.

माझ्या वडिलांचं सांगतो. ते गेल्यावर पासबुक चाळताना एकाच तारखेला पाठोपाठ तीन नोंदी दिसल्या, प्रत्येकी दहा हजार काढलेले. सकाळी पैसे काढले हे विसरून ते दुपारी परत गेले होते, आणि मग पुन्हा. तिन्ही सह्या अगदी बरोबर होत्या. आम्हाला कळलं ते वर्षभराने. सही शाबूत असते म्हणून आपण गाफील राहतो, आणि ज्या दिवशी बँक ती नाकारते त्या दिवशी सगळं एकदम अडतं.

भावाचा कुलमुखत्यारपत्राचा सल्ला सगळेच देतात, काही वकीलही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे पत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारी संपते. म्हणजे ते आज चालेल, पण ज्या दिवसासाठी तुम्ही करून ठेवणार त्याच दिवशी कुचकामी ठरेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, मालमत्तेला त्याचा हात लागत नाही. नंतर फ्लॅट विकायचा झाला तर पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं, आणि त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. आईंचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात आहे असं डॉक्टर म्हणतात ना? मग हे पुढचे दोन-तीन महिने राजीनाम्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहेत.

मी तुमच्या जागी असतो तर एफडीपासून सुरुवात केली असती. त्यात तुमचं नाव जोडून घ्या, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने. एक बारकी गोष्ट: अशी एफडी मुदतीनंतर कोणाही एकाच्या सहीने मिळते, पण मुदतीआधी मोडायला सहसा दोघांच्या सह्या लागतात. म्हणून २४ लाखांची एकच पाच वर्षांची एफडी नको. वर्षभराच्या सहा करा, चार-चार लाखांच्या, दर दोन महिन्यांनी एक सुटेल अशा. सिनिअर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीमचा ८.२ टक्क्यांचा दर पाहून कोणी आग्रह करेल. एरवी मीही करतो. पण त्यात जोडीदाराशिवाय दुसऱ्या कोणाशी संयुक्त खातं उघडता येत नाही. एक-सव्वा टक्क्यासाठी मुद्दल आईंच्या एकटीच्या सहीला अडकवून ठेवायचं, हे मला पटत नाही.

फ्लॅटचा भाडेकरार नेहमीसारखा ११ महिन्यांचा न करता ३६ महिन्यांचा करा, म्हणजे आईंना पुन्हा नोंदणीला बसवायला नको. दानपत्र आत्ता मुळीच नको. आजारपणात केलेल्या दानपत्रावरून बहीण-भाऊ कायमचे तुटलेले मी पाहिलेत. मृत्युपत्र मात्र आईंना हवं असेल तर लगेच करा. त्याच दिवशीचं मेंदूविकारतज्ज्ञाचं किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र घ्या, शक्य तर डॉक्टरच एक साक्षीदार असू द्या, आणि सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी करा. नोंदणी सक्तीची नाही, पण अशा आजारात टाळू नका. काय लिहायचं ते आई ठरवतील. तुम्ही त्या खोलीत नसलात तर जास्त बरं.

कराचं थोडक्यात. व्हॉट्सॲपवर फिरतंय ती डिमेन्शियासाठीची एक लाखाची वजावट जुन्या करप्रणालीतली, आणि तीही ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर. आईंचं उत्पन्न वर्षाला नऊ लाखांच्या आत. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करच लागत नाही. रिटर्न भरा आणि विषय सोडा.

तुमच्या कंपनीच्या विम्यात आई आहेत, हेही राजीनाम्याबरोबर जाईल. ७७ व्या वर्षी, हे निदान हातात असताना, नवी पॉलिसी मिळणं जवळपास अशक्य. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार येतात, मावशींचा पगार येत नाही.

भावाचे २५ हजार नाकारू नका. फक्त ते तुमचा पगार म्हणून घेऊ नका. त्यातून वर्षातून दोनदा पंधरा दिवस दुसरी व्यवस्था लावा आणि तुम्ही घराबाहेर पडा. उरलेले साठू द्या. आईंच्या खात्याचा महिन्याचा हिशेब त्याला न मागता पाठवत जा.

आणि ते पाच वाजताचं. मावशी सकाळी आठ ते रात्री आठ अशाच ठरवा, नऊ ते पाच नको. कातरवेळीच अशा पेशंटची घालमेल वाढते. आई पहिले काही दिवस मावशींना घरात टिकू देणार नाहीत, म्हणून पंधरा दिवसांची रजा तेव्हा वापरा. 'कामाला बाई' असं न सांगता 'शाळेतल्या नव्या बाई' म्हणून ओळख करून द्या, एका आजींकडे हे चाललं होतं. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळेल का, ते कंपनीला लेखी विचारा. एवढं करूनही चार-सहा महिन्यांत घडी बसली नाही तर बिनपगारी रजेचा विचार करू. तेव्हा मला पुन्हा लिहा.

बँकेत आईंना सकाळी अकराच्या आत न्या, त्या वेळी त्या ताज्या असतात असं तुम्हीच लिहिलंय. चष्मा आणि त्यांचं नेहमीचं पेन बरोबर घ्या. फॉर्म आधी घरी भरून ठेवा, सही मात्र तिथे, अधिकाऱ्यासमोर, त्यांना सावकाश करू द्या.