प्रार्थनेला बसले की झोपच लागते

प्रश्न: ताई, मला दोन मुलं, मोठा ३ वर्षांचा आणि धाकटी ४ महिन्यांची. आधी रोज सकाळी अर्धा तास शांत बसून प्रार्थना करायचे, आता डोळे मिटले की एकतर कोणीतरी रडतं नाहीतर मलाच झोप लागते. देवापासून लांब गेल्यासारखं वाटतं, खूप गिल्टी वाटतं.

उत्तर: अगं, तो गिल्ट आधी सोड बघू. सुरुवातीला बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, ४ महिन्यांनंतरही रात्रीची उठबस असतेच, मग झोप लागणारच ना, श्रद्धा नाही कमी झाली, शरीर थकलंय. धर्मसुद्धा आईला एवढं कडक धरत नाहीत गं, इस्लाममध्ये पाजणाऱ्या आईला झेपत नसेल तर रमजानच्या रोज्यातून सूट आहे. आणि आपली जनाबाई, तिने तर दळता-कांडताच नाम घेतलं, वेगळा वेळ तिला कुठे होता!

तू पाजायला बसलीस की एकच ओळ म्हण, मनातल्या मनात, रोज तीच. मोठ्यासोबत झोपताना मोठ्याने म्हण, तो मध्येच शंभर प्रश्न विचारेल, विचारू दे, मला तर तीच खरी प्रार्थना वाटते. नवऱ्याला स्पष्ट सांग की दिवसातली १० मिनिटं मला हवीत, आपोआप कळेल म्हणून वाट बघू नको.

फक्त एक, दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना नक्की भेट, प्रार्थना चालू ठेवूनच.