दहा सेकंद एकदम नकोत

प्रश्न : मानकापूरच्या ट्रॅकवर मुलींना ८०० मीटर शिकवतो. एकीची वेळ २:३० आहे, तिला २:२० हवी. ध्येय कसं ठरवू? – एक प्रशिक्षक, नागपूर

उत्तर : आकडा तिचाच राहू द्या, टप्पे तुम्ही पाडा. आधी २:२६, म्हणजे दर २०० मीटरला साडेछत्तीस सेकंद. आठवड्यातून एकदा या गतीने सहा वेळा २०० मीटर, मध्ये ९० सेकंद विश्रांती. शेवटच्या दोन धावा ३८वर घसरल्या तर टप्पा झेपत नाही, २:२८ करा. घोडं अडतं ते बहुधा सुरुवातीलाच : पहिले २०० मीटर ३३ सेकंदांत आणि सहाशेनंतर पाय शिशाचे! म्हणून वहीत प्रत्येक २०० मीटरची वेळ तिलाच लिहू द्या. मे महिन्यातली चाचणी मात्र सकाळी सहालाच. आपल्या उन्हातल्या वेळेवरून ध्येय बदलू नका.